नानांचं दुसरं धरणं

नाना दिमोनाच्या कापड गिरणीत कामाला लागले त्या दिवशी साचेखात्याचं दार उघडताच त्यांना हायसं वाटलं. बाहेर सगळंच परकं होतं. उघडीबोडकी टेकाडं, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या पाट्या, जिभेवर न बसणारी भाषा. आत मात्र तोच खडखडाट होता, जो त्यांनी परळच्या गिरणीत आठ वर्षं ऐकला होता. धोटा तसाच धावत होता, सूत तसंच तुटत होतं, आणि तुटलेलं टोक शोधून गाठ मारायला हिब्रू यावं लागत नव्हतं. आठवडाभरात मुकादमाच्या ध्यानात आलं, की हा सडपातळ भारतीय माणूस साचा बिघडायच्या आधीच त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो. नाना नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

साल १९६०. इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात दिमोना वसून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आधी आली मोरोक्कोतली आणि उत्तर आफ्रिकेच्या इतर भागांतली कुटुंबं. मग आणखी कुठून कुठून माणसं आली आणि त्यांच्यात आपले मुंबई-कोकणातले यहुदी, बेने इस्रायलही आले. नाना चोवीस वर्षांचे होते. वडील मुंबईतच वारले होते. आई आणि धाकटी बहीण पुढच्या वर्षी यायच्या होत्या. ही बहीण म्हणजे पुढे सगळ्या आळीची आत्या झाली, म्हणून तिला इथेही आत्याच म्हणू.

घराणं अलिबागजवळच्या एका खेड्यातलं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, ही आठवण बेने इस्रायलांच्या घराघरांत सांगतात. ते कोणत्या शतकात घडलं याबद्दल विद्वानांचं एकमत नाही. समाजाचं मात्र त्यावाचून काही अडलं नाही. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. गावांवरून आडनावं पडली, पेणकर, दिवेकर, रोहेकर. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी. सणांची नावं ऐकली तर कोणालाही ती आपल्याच पंचांगातली वाटतील: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत उभं राहिलं ते १७९६ मध्ये. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांकडे ना ग्रंथ होते, ना धर्मगुरू. आईने मुलीला सांगितलं, मुलीने तिच्या मुलीला सांगितलं, आणि तेवढ्यावर एक धर्म शेकडो वर्षं तगला. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. पुढे जे घडलं त्याचं दुःखही म्हणूनच जास्त वाटतं.

आत्याचं लग्न ठरलं ते गिरणीतल्याच एका मुलाशी. तो रंगखात्यात होता, मूळचा मोरोक्कोचा. त्याच्या आईला ही हळू आवाजात बोलणारी, जाड वेणीची मुलगी पहिल्याच भेटीत आवडली होती. नोंदणीच्या कचेरीत गेल्यावर मात्र कारकुनाने फाइल मिटली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कचेरीतून नवा आदेश निघाला होता. बेने इस्रायल समाजातल्या व्यक्तीला समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं असेल, तर तिची आई, आईची आई, तिच्याही मागची, अशी जिथवर जाता येईल तिथवर चौकशी करायची. त्या यहुदी होत्या का? त्यांची लग्नं, त्यांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का?

नानांच्या आईला तिच्या आजीचं नाव ठाऊक होतं. त्यामागचं नाव कोणाला विचारणार? ज्या गावात जन्माची नोंदसुद्धा कोणी करत नव्हतं, तिथला शंभर वर्षांपूर्वीचा लग्नाचा कागद कुठून आणणार?

तरी नानांनी पत्रं लिहिली. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे. तिथल्या हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, होतं तेवढं लिहून पाठवलं. आणि एक पत्र आलं न मागता. नानांच्या गावचा एक म्हातारा कुळवाडी, घराला लागून घर असलेला. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून शाळामास्तरांकडून लिहून घेतलं होतं. यांचा घाणा माझ्या आज्याच्या काळापासून शनिवारी फिरला नाही, यांच्या घरात कोळंबी कधी शिजली नाही, पोर आठव्या दिवशी सुंता झाल्याशिवाय बाहेर आणलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि माझ्या बापाने मला सांगितलं आहे. खाली अंगठा. नानांनी त्या पत्राचं हिब्रूत भाषांतर करून घेतलं आणि कचेरीत नेलं. साक्षीदार यहुदी नाही, या कारणाने ते परत आलं. पिढ्यान्पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाचा शब्द तिथे चालला नाही. नानांना स्वतःच्या अपमानापेक्षा त्या म्हाताऱ्याचा अपमान जास्त झोंबला. हे ते शेवटपर्यंत बोलून दाखवायचे.

समाजात एक जुनी कथा सांगतात. दावीद रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. ही माणसं खरंच आपली का, ते त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवलं आणि पर असलेली मासळी तेवढी वेगळी काढली. बाकीची आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीला तेवढं पुरलं. आत्या तेव्हा वीस वर्षांची होती. कचेरीतून तिसऱ्यांदा परत येताना ती बसमध्ये एवढंच म्हणाली, "दादा, त्यांना म्हणावं मासळीची पाटी आणा." आणि मग दिमोना येईपर्यंत रडत राहिली.

लग्न दोन वर्षं अडलं. मोरोक्कोच्या त्या मुलाला नात्यातल्या लोकांनी दुसऱ्या मुली दाखवल्या. तो कुठेही गेला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी तो नानांच्या घरी येऊन बसायचा, जेवायचा आणि जायचा. त्याला मराठी येत नव्हतं, आईला हिब्रू येत नव्हतं, आणि तरी त्याच्या ताटात काय वाढायचं हे आईला कळायचं.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्रायल जेरुसलेमला जमले. बीरशेबाहून आले, लोदहून आले, अश्दोदहून आले. ज्यूइश एजन्सीच्या इमारतीपाशी बायकामुलांसह त्यांनी धरणं धरलं. नाना गिरणीतून बिनपगारी रजा काढून गेले, आईला आणि आत्याला घेऊन. आईने नऊवारी नेसून जमिनीवर बसकण मारली ती हललीच नाही. मराठीत घोषणा झाल्या, भजनं झाली. जाणारे-येणारे थांबून बघत. कोणी पाणी आणून देत, कोणी तोंड फिरवून जात. १७ ऑगस्टला क्नेसेटची, म्हणजे इस्रायलच्या संसदेची, खास बैठक भरली आणि सरकारने जाहीर केलं, की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही. महिनाअखेरीस रब्बींच्या कचेरीनेही आदेशातून समाजाचं नाव काढून टाकलं.

आत्याचं लग्न झालं. मुंबईहून येणाऱ्या कोणाकडून तरी पोहे मागवून आईने मलिदा केला. पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर, आणि एलियाहू हन्नबीचं नाव. ताटाभोवती मोरोक्कोची अर्धी आळी बसली होती.

यानंतरची वीस वर्षं मी भराभर सांगितली तर चालेल असं वाटतं, पण ती तशी सांगू नयेत. नाना लोकांना आवडायचे ते त्या वर्षांमुळे.

त्यांचंही लग्न झालं. बायको लोदची, मूळची पनवेलची. चार मुलं झाली. बायकोही गिरणीत लागली, आणि दोघांनी पाळ्या अशा लावून घेतल्या की घरात मुलांपाशी कोणीतरी एक असायचंच. सकाळी मुलींच्या वेण्या नाना घालायचे. पहिल्या पहिल्यांदा शेजारणी हसल्या. नंतर त्यांच्या मुलीही हातात कंगवा घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. सुताची गाठ मारणारी बोटं होती ती, वेणी सुटायची नाही. कोणाचा पंखा, कोणाचं शिवणयंत्र, कोणाच्या पोराची सायकल, सगळं दुरुस्तीला त्यांच्याकडे यायचं. पैसे घेत नसत, पण यंत्र कसं उघडलं आणि कसं बसवलं ते समोर उभं राहून बघायला लावत. पुढच्या वेळी तुझं तू कर, म्हणत. गावाबाहेरच्या धुरळ्यात त्यांनी पोरांना क्रिकेट शिकवलं. पहिली बॅट त्यांनी स्वतः फळीतून तासली होती. इस्रायलात क्रिकेट टिकवण्यात आपल्या या लोकांचा मोठा वाटा. रविवार हा तिथे कामाचा दिवस आणि शब्बाथ प्रार्थनेचा, तरीही सवड काढून टिकवलं.

शुक्रवारची संध्याकाळ त्यांच्या घरी पाहावी. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातलेल्या असायच्या. दुपारी कुस्करून, गाळून त्यांचं शरबत व्हायचं. वाइनच्या जागी कोकणातल्या घरांत तेच चालत आलेलं. नानी मटणाला नारळाचं दूध लावायच्या. मांसाबरोबर दही-दूध वर्ज्य, म्हणून बेने इस्रायलांनी नारळाला जवळ केलं, आणि माझ्या मते त्यांच्या रश्श्याची चव त्यामुळेच इतर कोणाला साधत नाही. मेज खिडकीपासून दारापर्यंत लांबवलेलं असायचं. किती माणसं येणार हे नानींना कधी ठाऊक नसे. गिरणीतला एखादा नवा कामगार, सैन्यातून रजेवर आलेला एखादा मुलगा, कोणाची तरी एकटी राहणारी म्हातारी. घराचा एकच नियम होता आणि तो मुलांना पाठ होता: आलेल्या माणसाला तो कुठला, कोणाचा, हे जेवण होईपर्यंत विचारायचं नाही. आपल्या मराठी माणसाला हा नियम पाळणं किती जड जातं ते सांगायला नको. ओळख निघाल्याशिवाय आपला घास खाली उतरत नाही. नाना पाळायचे. कारण कोणी विचारलं तर म्हणत, "भुकेल्या माणसाला कागद विचारू नयेत."

१९८४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत सुदानमधून गुपचूप विमानं उडाली आणि इथिओपियातले सुमारे आठ हजार यहुदी इस्रायलात आले. ते स्वतःला बेटा इस्रायल म्हणत. डोंगरातल्या खेड्यांतून ते पायी सुदानपर्यंत चालत आले होते. वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं दगावली. त्यांतला एक विशीतला तरुण दिमोनाच्या गिरणीत आला आणि नानांच्या हाताखाली पडला. त्याची आई सुदानच्या छावणीत वारली होती. तिला पुरून तो पुढे निघाला होता. नाना तेव्हा साचेखात्याचे मुकादम होते. त्याला त्यांनी आधी काही शिकवलं नाही. दोन दिवस नुसतं साच्यांमधून फिरवलं आणि ऐकायला लावलं. तिसऱ्या दिवशी तो मुलगा एका साच्यापुढे थांबला आणि त्याने मान हलवली. नानांनी साचा बंद करून पाहिला. तोच बिघडायला आला होता.

त्या मुलाचं लग्न त्याच्याच समाजातल्या मुलीशी ठरलं. दोघं नोंदणीला गेली. कारकुनाने सांगितलं, की आधी विधिवत स्नान करून धर्मांतराचा उपचार पार पाडा. म्हणजे यहुदी होऊन या. ज्यांच्या आईबापांनी यहुदी म्हणून मार खाल्ला, जेरुसलेमचं नाव घेत वाळवंट तुडवलं, त्यांना सांगितलं की होऊन या. या लोकांनी नकार दिला. सप्टेंबर १९८५ मध्ये नव्याच्या सणाच्या सुमाराला ते जेरुसलेममध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीसमोर धरणं धरून बसले. बायका पांढऱ्या वस्त्रांत, मुलं मांडीवर.

दिमोनाच्या बेने इस्रायलांत यावर बैठक झाली. पुष्कळांना त्या लोकांबद्दल वाईट वाटत होतं. पण भीतीही होती. आपला प्रश्न एकदा सुटला आहे, आपण यांच्या बाजूला जाऊन बसलो तर आपली जुनी फाइल पुन्हा उघडतील. समाजाच्या चिटणीसांनी नानांना तसं स्पष्ट सांगितलं. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

सगळ्यांत कडक बोलली ती आत्या. नानांच्या स्वयंपाकघरात, चिकाचा हलवा ढवळता ढवळता.

"मी दोन वर्षं थांबले, दादा. मला कोणी फुकट दिलं नाही. आईने उन्हात बसून मिळवलं. त्यांनीही थांबावं. त्यांनीही कागद आणावेत."

"तू आणलेस कागद?"

"नव्हतेच तर कुठून आणणार?"

"मग त्यांनी कुठून आणायचे?"

आत्या काही बोलली नाही. हलवा ढवळत राहिली. नानांनी जरा वेळाने विचारलं, "क्नेसेटने १७ ऑगस्टला सांगितलं, की आपण यहुदी. १६ ऑगस्टला आपण कोण होतो गं?"

"तेच होतो."

"मग ते लोक आज कोण आहेत?"

आत्याने डाव टाकला आणि ती घरी निघून गेली. हलवा नानींनी उतरवला.

नाना दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने जेरुसलेमला गेले. बसथांब्यावर त्यांच्या आधी येऊन एक माणूस उभा होता. आत्याचा नवरा. दोन वर्षं दर शुक्रवारी येऊन मुकाट जेवून जाणारा. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. दोघांनी थर्मासमध्ये चहा आणि डब्यांत चिवडा नेला होता. कचेरीसमोर त्या लोकांच्या ओळीत जाऊन बसले. भाषा कळत नव्हती. कुठून आलात, असं एका म्हाताऱ्या केसने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूने, खुणेने विचारलं. एकवीस वर्षांपूर्वी आपण जिथे बसलो होतो त्या बाजूला नानांनी बोट दाखवलं. तो तरुण दुभाषा झाला आणि त्याने ती सगळी हकीकत त्यांच्या भाषेत सांगितली. घाणा, मासळीची पाटी, कुळवाड्याचा अंगठा. म्हाताऱ्या बायका ऐकत होत्या. मासळीच्या गोष्टीला त्या हसल्या आणि मग एकीने विचारलं, की ती नवरी आज कुठे आहे? नानांनी सांगितलं, घरी आहे. आत्याचा नवरा खाली बघत राहिला.

नाना सुट्टीच्या दिवशी जायचे, पाळी संपली की जायचे. ते धरणं महिनाभर चाललं. शेवटी काही तडजोड होऊन उठलं, पण प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला नाही. पुष्कळ जोडपी अडूनच राहिली. तो तरुणही. स्नानाला तो तयार नव्हता. "मी नाना पाहिलेत," तो म्हणायचा. "त्यांच्या बहिणीने केलं नाही, मी का करू?"

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती नानांशी बोलत नव्हती. समोर आली तर तब्येत विचारायची, एवढंच. पण तिच्या मनात एक हिशोब चालला होता. मी दोन वर्षं थांबले, त्यांनीही थांबावं, असं ती म्हणाली होती. दोन वर्षं झाली. १९८७ चा नव्याचा सण आला आणि तो मुलगा अजून बिनलग्नाचाच होता. त्या वर्षी आत्याने हलव्याचं एक ताट जास्त केलं. कोणाचं ते बोलली नाही. नवऱ्याच्या हातात दिलं आणि कुठे द्यायचं ते त्यालाही सांगितलं नाही. तो बरोबर तिथेच गेला. तिसरं वर्ष गेलं. त्या वर्षी ती स्वतः ताट घेऊन गेली, त्या मुलीला पाहिलं, तिची विचारपूस केली. दाराबाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त झालं रे." बसमधल्या त्या रडण्यानंतर कोणी तिला इतकं हललेलं पाहिलं नव्हतं, आईच्या मरणातसुद्धा नाही.

पुढे नेतान्याच्या मुख्य रब्बींनी इथिओपियातल्या जोडप्यांची लग्नं कोणत्याही उपचाराशिवाय नोंदवायला सुरुवात केली. त्या मुलाचं लग्न तिथे लागलं. आदल्या रात्री दिमोनात मेंदी झाली. मुलाला आई नव्हती. आत्या न बोलावता आली. हिरव्या बांगड्यांचा डबा तिच्या हातात होता. मुलाच्या बोटाला मेंदी तिनेच लावली. नाना कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. आत्या त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, चहा घेतलास का?" चार वर्षांनंतरचं पहिलं खरं बोलणं ते. नानांनी घेतलेला असूनही नाही म्हटलं.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. शेवटची दोन वर्षं ऐकू कमी येत होतं, आणि आवाजावर जगलेल्या माणसाला त्याचा त्रास झाला असणार. पण तक्रार नव्हती. नातवंडांच्या ओठांकडे बघून त्यांना समजायचं. शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांत घरात उभं राहायला जागा नव्हती. मिन्यानसाठी दहा माणसं लागतात, तिथे प्रत्येक प्रार्थनेला चाळीस-पन्नास असायची. वेण्या घालून घेतलेल्या मुली आता आज्या झाल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि नानींना सात दिवस चुलीपाशी येऊ दिलं नाही. तो इथिओपियाचा मुलगा आता साठीत आला आहे. त्याने नानांच्या मुलांबरोबर रोज कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटली.

तिसाव्या दिवशी, श्लोशिमला, सगळे पुन्हा जमले. प्रार्थना झाली. खजूर, फळं, उकडलेली अंडी फिरली. समाजाच्या अंकात नानांवर चार ओळी द्यायच्या होत्या. चिटणीसांनी त्या लिहून आणल्या होत्या. तेच जुने चिटणीस, आता नव्वदीला टेकलेले. चष्मा लावून त्यांनी वाचल्या. अलिबागजवळ जन्म, परळच्या गिरणीत नोकरी, १९६० मध्ये आगमन, १९६४ च्या ऐतिहासिक लढ्यात आघाडीवर, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, मागे पत्नी, चार मुलं, अकरा नातवंडं.

"पंच्याऐंशीचं राहिलं," आत्या म्हणाली.

चिटणीस थांबले. म्हणाले, "ते समाजाचं काम नव्हतं, आत्या. ते नानांचं वैयक्तिक होतं. अंकात समाजाचं काम येतं."

"मग चौसष्टचंही काढा."

"ते कसं काढणार? तो आपला इतिहास."

"चौसष्टला मी बसले होते ते माझ्या लग्नासाठी. आई बसली होती लेकीसाठी. दादा बसला होता बहिणीसाठी. तुम्ही बसला होतात, तुम्हालाही बहिणी होत्या. आपलं काम होतं म्हणून आपण बसलो. पंच्याऐंशीला दादा कोणासाठी बसला होता?"

खोलीत कोणी बोललं नाही. तो इथिओपियाचा माणूस दाराशी होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण आकडे त्याला कळले होते. तो पुढे आला नाही.

आत्याच पुढे म्हणाली, "आणि मी गेले नाही, तेही मला ठाऊक आहे. माझा नवरा गेला. तिथे एका बाईने विचारलं, नवरी कुठे आहे. त्याने मला ते वीस वर्षांनी सांगितलं. पंच्याऐंशीचं लिहायचं नसेल तर लढ्यात माझं नाव घालू नका. दादाचंही घालू नका. त्याला आवडायचं नाही."

चिटणीसांनी पेन काढलं. धरणं किती दिवस चाललं, असं त्यांनी विचारलं. महिनाभर, असं तिघाचौघांनी एकदम सांगितलं. कोण कोण गेलं होतं? आत्याच्या नवऱ्याचं नाव आलं. मग मागून कोणी आणखी एक नाव सांगितलं, त्याने एकदा बसचे पैसे दिले होते. कोणी म्हणालं, माझ्या आईने चिवडा करून दिला होता, बाबांना न सांगता. अशी पाच-सहा नावं निघाली, ती इतकी वर्षं कोणीच कोणाला सांगितली नव्हती. चिटणीस लिहीत होते. हात थरथरत होता, म्हणून नानांच्या मोठ्या मुलीने कागद धरला.

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"अजून एक घाला," ते तिला म्हणाले. "नानांना समाजाच्या चिटणीसाने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते गेले. माझं नाव घालून लिहा."

अंक निघाला तेव्हा चारांच्या अकरा ओळी झाल्या होत्या. चिटणीसांचं नाव त्यात होतं.